त्रिमितीय निवडकता
एखाद्या कार्बनी विक्रियेतून दोन वा अधिक त्रिमितीय समघटक (ज्यांतील अणू आणि त्यांची परस्परांशी जोडणी तीच असते, पण अवकाशातील मांडणी भिन्न असते अशी संयुगे) तयार होणे शक्य असता त्यांपैकी एक इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मिळतो, तेव्हा ती विक्रिया त्रिमितीय निवडकता दाखविते असे म्हणतात. त्रिमितीय विशिष्टता ही संकल्पना याहून वेगळी आहे. तीत मूळ संयुगाची मांडणीच उत्पादनाची मांडणी ठरविते. उदा., फ्यूमेरिक अम्ल व मॅलेइक अम्ल ही परस्परांची विपक्ष व समपक्ष रूपे आहेत. त्यांच्या द्विबंधावर ब्रोमिनाचे दोन अणू विरुद्ध बाजूंनी जोडले जातात; त्यामुळे पहिल्यापासून डायब्रोमोसक्सिनिक अम्लाचे मेसो रूप, तर दुसऱ्यापासून त्याचे रॅसेमिक मिश्रण (दोन प्रतिबिंबरूपांचे समप्रमाणातील मिश्रण) मिळते. या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींऐवजी वापरल्या जातात, पण ते योग्य नव्हे.

निवडकतेचे मूळ विक्रियेच्या वेगात असते. प्रत्येक समघटकाकडे जाणारा मार्ग एका उच्च ऊर्जेच्या संक्रमण अवस्थेतून जातो. ज्या मार्गावरील ही अवस्था कमी ऊर्जेची, तो मार्ग अधिक वेगाने आक्रमिला जातो. यासाठी लागणारा ऊर्जेतील फरक अगदी अल्प असतो. २५° से. तापमानास मोलमागे सु. १·३ किलोकॅलरी फरक असल्यास उत्पादने ९ : १ या प्रमाणात मिळतात, तर सु. २·७ किलोकॅलरी फरकास हे प्रमाण ९९ : १ होते. तापमान −७८° से. पर्यंत उतरविल्यास पहिलाच फरक सु. ९७ : ३ इतके प्रमाण देतो. अशा विक्रिया पुष्कळदा अतिशीत अवस्थेत करतात त्या यामुळेच.

रेणूत आधीच एक असममित कार्बन अणू असेल, तर त्याच्यावरील मोठा गट एक बाजू झाकतो व विक्रियाकारक मोकळ्या बाजूने येतो. कार्बोनिल संयुगांच्या बाबतीत डी. जे. क्रॅम यांनी १९५२ मध्ये या स्वरूपाचा नियम मांडला.

प्रतिबिंबरूपांच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण असतो. सममित परिस्थितीत त्यांच्याकडे नेणाऱ्या दोन्ही संक्रमण अवस्था एकमेकींची प्रतिबिंबे असल्याने त्यांची ऊर्जा समान असते व रॅसेमिक मिश्रणच मिळते. उजव्या व डाव्या आट्यांचे बोल्ट साध्या भोकातून सारख्याच सुलभतेने जातात. आटे असलेला नट मात्र त्यांच्यात भेद करतो. विक्रियेत असा भेद करणारा असममित घटक असावाच लागतो. जीवसृष्टीत हे कार्य एंझाइमे करतात.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व डोपा या संयुगावरून दिसून येते. जी. सी. कोट्सियास यांनी १९६७ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना रॅसेमिक डोपा मोठ्या मात्रेत दिले. त्यामुळे लक्षणे कमी झाली. पण काही रुग्णांच्या रक्तातील कणयुक्त श्वेत कोशिकांची संख्या घटली. पुढे केवळ एल-डोपा वापरल्यावर बऱ्याच कमी मात्रेने काम भागू लागले. साहजिकच या एकाच प्रतिबिंबरूपाची मागणी वाढली. मॉन्सँटो कंपनीतील डब्ल्यू. एस्. नोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असममित फॉस्फाइन जोडलेले ऱ्होडियमाचे जटिल संयुग उत्प्रेरक म्हणून वापरून योग्य त्या असंतृप्त संयुगाचे हायड्रोजनीकरण केले. १९६८ मधील पहिल्या प्रयोगात इष्ट प्रतिबिंबरूपाचे आधिक्य थोडेच होते. डायपँप या फॉस्फाइनामुळे ते सु. ९५ टक्के झाले, म्हणजे सु. ९७·५ भाग इष्ट व २·५ भाग अनिष्ट. उरलेली अशुद्धी स्फटिकीकरणाने दूर करता येई.

या विक्रियेची पुढील हकीकत विशेष उद्‌बोधक आहे. असंतृप्त संयुग उत्प्रेरकाशी दोन प्रकारे जोडले जाऊ शकते. जी जोडणी अधिक स्थिर, तीच मुख्य उत्पादन देत असावी, असे सहज वाटते. कुलूप-किल्लीच्या परिचित उपमेनेही तेच सुचविले असते. जे. हाल्पर्न यांच्या १९८० च्या सुमाराच्या अभ्यासातून मात्र याच्या उलट आढळले. विद्रावात अल्प प्रमाणात असणारी कमी स्थिर जोडणीच हायड्रोजनाशी कित्येक पट वेगाने विक्रिया करते व मुख्य उत्पादन तिच्यापासून बनते. ती खर्च होताच दुसरी जोडणी सुटून तिची भरपाई करते. हायड्रोजनाचा दाब वाढविल्यास या परस्पररूपांतरास पुरेसा अवधी मिळत नाही व निवडकता घटते. तेव्हा उत्प्रेरकाशी काय घट्ट बसते यावरून उत्पादनाचे भाकीत करणे धोक्याचे असते. निर्णय संक्रमण अवस्थांतील फरकावरच होतो.

नोल्स, आर्. नोयोरी (हायड्रोजनीकरण) व के. बी. शार्पलेस (ऑक्सिडीकरण) यांना २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. धातूविनाही निवडकता साधता येते. प्रोलीन या साध्या ॲमिनो अम्लाने असममित वलयीकरण घडते, हे १९७० नंतरच्या काही वर्षांत दोन औद्योगिक प्रयोगशाळांत दिसून आले होते. परंतु त्याची व्याप्ती २००० मध्ये बी. लिस्ट यांच्या कार्यामुळे ध्यानात आली. त्यांना व डी. डब्ल्यू. सी. मॅकमिलन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.