शाई-बांबू चित्रकला
शाई-बांबू चित्रकला (चिनी: मोझू) हा केवळ काळ्या शाईने बांबू चितारण्याचा चिनी चित्रप्रकार आहे. उत्तर सोंग काळात (९६०–११२७) विद्वान अधिकाऱ्यांनी तो विकसित केला. सुलेखनाचाच कुंचला व शाई वापरली जात असल्याने चित्रकलेचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या विद्वानांनाही तो साधता येई. मात्र एकदा उमटलेला फटकारा पुसता येत नसे.

वेन तोंग (१०१८–१०७९) हा या प्रकाराचा आद्य आचार्य मानला जातो. पानाची वरची बाजू गडद व मागची बाजू फिकट शाईने दाखवण्याची पद्धत त्याच्या नावाशी जोडली जाते. कुंचला उचलण्यापूर्वी संपूर्ण बांबू मनात साकारलेला असावा, हा त्याचा विचार त्याचा मित्र कवी सु शी याने लिहून ठेवला.

वाकणारा पण न मोडणारा बांबू सचोटीचे प्रतीक होता. मंगोलांच्या युआन राजवटीत (१२७१–१३६८) त्या प्रतीकाला विशेष धार आली. ली कान, झाओ मेंगफू, त्याची पत्नी ग्वान दाओशेंग आणि वू झेन हे या काळातील प्रमुख चित्रकार होत.

छिंग काळातील झेंग शिए याने शासकीय पद सोडल्यावर यांगझोऊ येथे बांबूचित्रे विकून उदरनिर्वाह केला व चित्रांचे दरही जाहीर केले. विद्वानांनी धंद्यापासून दूर ठेवलेली कला अशा प्रकारे उपजीविकेचे साधन बनली.