कुत्रा चावला, भरपाई कोणाकडे मागायची?

पहाटे झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार महिला, शाळेतून चालत येणारे पोर, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन. मोटारीच्या काचा वर करून फिरणाऱ्याला कुत्रा चावत नाही. चावतो तो पायी चालणाऱ्याला, आणि तोच माणूस दोन दिवसांची मजुरी बुडाली तरी अडचणीत येतो. इंजेक्शन घेतले, पट्टी बांधली की विषय संपला असे आपल्या वस्त्यांमध्ये धरले जाते. खर्च, खाडे, मुलाच्या मनात बसलेली भीती हे सगळे घरातच जिरते. ही भरपाई मागता येते. सोपी नाही, पण मागता येते.

आधी उपचार, कारण रेबीज एकदा दिसू लागला की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत भरायचे रेबीजविरोधी सीरम लागते. त्याबद्दल स्वतःहून विचारा.

याच दवाखान्यात तुमचा पहिला पुरावा तयार होतो. केसपेपरवर नुसते ‘कुत्रा चावला’ एवढे नको. तारीख, वेळ, ठिकाण, कुत्रा पाळीव की भटका, शरीरावर कुठे आणि दाताच्या किती खुणा, हे डॉक्टरांना लिहायला सांगा. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या डोसांच्या तारखांचे कार्ड, औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, मालकाकडून खाड्यांचे पत्र, सगळे एका पिशवीत. समोरच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी चित्रण मागा, कारण ते थोड्याच दिवसांत पुसले जाते.

आता मुख्य प्रश्न: कुत्रा कोणाचा?

पाळीव असेल तर जबाबदारी मालकाची. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इजा झाली असेल तर कलम १२५ सुद्धा लावता येते. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी लिहून बोळवण केली जाते. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआर नोंदवता येतो, हे शांतपणे आणि लेखी अर्ज देऊन सांगा. मालक दोषी ठरला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार फौजदारी न्यायालयच जखमीला भरपाई द्यायला लावू शकते. दिवाणी दावा वेगळा करता येतो.

मात्र वेळ किती लागतो तेही माहीत असावे. मुंबईत २०१० साली रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने एका वृद्धाला चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती २०२३ मध्ये. म्हणून मालक समजुतीने पैसे द्यायला तयार असेल तर नाक मुरडू नये. फक्त ठरलेली रक्कम कागदावर घ्या, उरलेल्या डोसांचा आणि पुढच्या उपचारांचा खर्च त्यात धरा, आणि कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला मागा. दोनशे रुपये हातावर ठेवून ‘मिटवले’ म्हणणाऱ्याला हो म्हणू नका.

भटका कुत्रा असेल तर गोष्ट अवघड होते. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे. ते झाले नाही, तक्रारी येऊनही झाले नाही, आणि माणूस जखमी झाला, तर हा निष्काळजीपणा आहे, असा युक्तिवाद उभा राहतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा मार्ग स्पष्ट केला. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार. जिल्हा पातळीवर समित्या नेमून अर्ज चार महिन्यांत निकाली काढायलाही सांगितले. दाताच्या खुणा मोजून घ्या असे वर म्हटले ते यासाठीच.

हा दर महाराष्ट्राला बांधील नाही. बिबट्याने हल्ला केला तर वनविभागाची मदत मिळते, कुत्रा त्या यादीत बसत नाही. तरी हा निकाल अर्जाला जोडता येतो. त्याहून जवळचा आधार मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यामागचे सूत्र. खड्ड्याला लागू होणारे सूत्र त्याच रस्त्यावरच्या, नसबंदी आणि लसीकरण न झालेल्या कुत्र्यांना का लागू होऊ नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शिवाय शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आणि क्रीडासंकुलांतून भटकी कुत्री हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आहे. अशा ठिकाणी चावा झाला असेल तर अर्जात तो आवर्जून लिहा.

पहिला अर्ज प्रभाग कार्यालयात, आयुक्तांच्या नावे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: आपल्या प्रभागात गेल्या वर्षभरात कुत्र्यांबद्दल किती तक्रारी आल्या, किती नसबंदी झाल्या, किती खर्च झाला? उत्तर तीस दिवसांत द्यायचे असते. निष्काळजीपणाचा पुरावा बहुतेक वेळा पालिकेच्याच दप्तरात पडलेला असतो.

लोक इथेच अडकतात: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ‘साहेब बघतो म्हणाले’ यात सहा महिने सहज निघून जातात. उच्च न्यायालयात रिट याचिका हा दुसरा रस्ता.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो, शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असून चालत नाही. जखमी स्त्री किंवा मूल असेल तर जातीच्या दाखल्याचीही गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते.

कामावर असताना चावा झाला तर आणखी एक दार उघडते. कामामुळे व कामाच्या वेळेत झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हा १९२३ च्या कायद्यापासूनचा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. कंत्राटी सफाई कामगारांना कंत्राटदार ‘आमचा काय संबंध’ म्हणतो. हजेरीपटाची प्रत आणि त्या दिवशीचे कामाचे ठिकाण लिहून ठेवले की त्याला तसे म्हणणे जड जाते. ईएसआयसीत नाव असेल तर रजेचे पैसे तिथूनही मागता येतात.

रागाच्या भरात विष घालणे किंवा काठ्यांनी मारणे मात्र अंगाशी येते. कलम ३२५ खाली प्राण्याला मारण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मग भरपाई मागायला गेलेला माणूसच आरोपीच्या रांगेत उभा राहतो. ज्या वस्तीत एकाला चावले तिथे दुसऱ्यालाही चावलेले असते. त्या सगळ्यांचे केसपेपर जोडून एकच अर्ज गेला तर प्रभाग अधिकाऱ्याला तो बाजूला सारणे कठीण होते.