ध्वनीची कृति आणि तिची देवघेव

शेजारणीला लोणच्याची कृति सांगितली म्हणून आपल्या बरणींतील एक फोडहि कमी होत नाहीं. उलट, पुढें कधीं आपल्या घरचा कृतीचा कागद हरवला, तर तीच कृति शेजारच्या घरीं सुखरूप सांपडते. सिंथेसायझर नांवाच्या वाद्याचा छंद लागलेले हौशी लोक आपापसांत जी देवघेव करितात, ती याच जातीची आहे. ती कशी चालते व तींत कोणती दक्षता घ्यावी लागते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या परिचयाच्या बाजाच्या पेटींत पितळेच्या पट्ट्या असतात. भात्याची हवा लागली कीं त्या कंप पावतात. त्या पेटींतून बांसरी किंवा घंटा कांहीं ऐकूं यावयाची नाहीं. सिंथेसायझरची गोष्ट निराळी आहे. त्यांत विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांपासून नाद घडवितात, आणि तो कसा घडवावयाचा हें वाजविणारास ठरवितां येतें. अशा एका ठरविलेल्या मांडणीस ‘पॅच’ म्हणतात. हा शब्द तारांवरून आला. रॉबर्ट मूग यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंत जें वाद्य सिद्ध केलें, त्याचे निरनिराळे भाग तारांनीं जोडावे लागत. तारा काढल्या कीं ध्वनि गेला! १९७० च्या ‘मिनिमूग’मध्यें तारांचें जंजाळ उरलें नाहीं, परंतु स्मरणशक्ति त्यालाहि नव्हती. म्हणून वादक कागदावर फिरत्या बटणांचें चित्र काढून प्रत्येकाची जागा मांडून ठेवीत. तो कागद मित्राच्या हातीं दिला, कीं त्याच्या घरच्या वाद्यांतूनहि जवळजवळ तोच नाद निघे. पुढें १९७८ सालीं निघालेल्या ‘प्रॉफेट-५’ या वाद्यानें चाळीस ध्वनि स्वतःच लक्षांत ठेवण्याची सोय केली.

या देवघेवीस खरा बहर १९८३ नंतर आला. त्या वर्षीं जपानच्या यामाहा कंपनीचें ‘डीएक्स-७’ हें वाद्य बाजारांत आलें. त्याचें बीज जॉन चौनिंग यांनीं १९६७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत शोधलेल्या तत्त्वांत होतें. एका आंदोलनाच्या योगें दुसऱ्याची कंपनसंख्या अतिशय जलद बदलत ठेवली, तर घंटेसारखे किंवा पितळी वाद्यांसारखे भरगच्च नाद उपजतात, असें तें तत्त्व. डीएक्स-७ मध्यें असे सहा आंदोलक असून ते ३२ प्रकारांनीं एकमेकांस जोडतां येतात. एका ध्वनीसाठीं सुमारें दीडशें आंकडे ठरवावे लागतात, व त्यांतील एखादा चुकला तर घंटेऐवजीं पत्र्याचा खडखडाट व्हावयाचा! साहजिकच नवे ध्वनि घडविणारे थोडे झाले, आणि ते मागणारे पुष्कळ.

सुदैवानें त्याच वर्षीं ‘मिडी’ नांवाची सर्वसामान्य पद्धति ठरली. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी या दोघांनीं तींत पुढाकार घेतला. हे दोघे परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे संस्थापक होते, हें विशेष ध्यानांत घ्यावें. या पद्धतीमुळें एका तारेवाटे वाद्यांतील आंकडे संगणकांत व पुन्हां वाद्यांत नेतां येऊं लागले. बत्तीस ध्वनींचा सबंध संच नेण्यास दोन सेकंदहि लागत नाहींत. जाणारी वस्तु म्हणजे ध्वनि नव्हे, केवळ आंकडे. लोणचें नव्हे, कृति.

येथें एक मर्माची गोष्ट आहे. डीएक्स-७ ची स्मृति एका लहानशा विद्युत्घटावर जगते. कांहीं वर्षांनीं तो घट संपला, कीं वाद्यांत सांठविलेले ध्वनि नाहींसे होतात. ज्यानें महिनोन्‌महिने खपून एखादा सुंदर नाद घडविला व तो कोणासच दिला नाहीं, त्याचा नाद घटाबरोबर मावळतो. ज्यानें तो चार मित्रांस दिला, त्याला तो मित्रांकडून परत मिळूं शकतो.

पुढें हौशी लोकांनीं आज्ञावलीहि घरीं रचून वांटल्या. संगणकाकडून सूर काढविण्याचा पाया मॅक्स मॅथ्यूज यांनीं १९५७ सालींच घातला होता. आज ‘डेक्स्ड’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती डीएक्स-७ चे जुने संच वाचते, आणि चाळीस वर्षांपूर्वींचे नाद साध्या संगणकावर पुन्हां उमटतात. ‘सर्ज’ ही आज्ञावली पूर्वीं विक्रीची होती. २०१८ सालीं कर्त्यानें तिची मूळ संहिता सर्वांस खुली केली, व स्वयंसेवकांनीं ती पुढें वाढविली. महागडें वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यासहि यायोगें ही विद्या साध्य झाली आहे.

मात्र या औदार्यांत एक अन्याय नकळत घडतो. डीएक्स-७ मध्यें ध्वनीचें नांव लिहिण्यास अवघ्या दहा अक्षरांची जागा आहे. कर्त्याच्या नांवास जागाच नाहीं. त्यामुळें कित्येक मनोहर नाद आज निनांवी फिरत आहेत, व ज्यांनीं ते घडविले त्यांचे आभार कोणी मानावे? म्हणून मुलांनो, ध्वनि किंवा आज्ञावली देतांना सोबत कर्त्याचें नांव व साल लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दुसऱ्याच्या कृतींत बदल केला तर तसें स्पष्ट सांगा. जी वस्तु कर्ता विकून पोट भरतो, ती त्याच्या परवानगीवांचून वांटणें म्हणजे औदार्य नव्हे, चोरीच होय. स्वतःचें द्यावें तें दान, दुसऱ्याचें द्यावें तें दान कसलें?

धन्यानें दिलेलें द्रव्य भूमींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकिली आहे. त्यानें तें हरविलें नव्हतें, तरी त्याची निर्भर्त्सना झाली. सुटींत ज्यांना शक्य असेल त्यांनीं एखादा तरी नाद स्वतः घडवावा, त्यास नांव द्यावें, आणि तो आपल्या सोबत्यास द्यावा. आपल्या वाद्याचा घट केव्हां संपेल हें कोणास सांगतां येतें?