चालता संगणक भंगारात कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. बंद झाली ती सुरक्षेतली नवी भगदाडं बुजवणारी नेहमीची अपडेट्स. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यापायी धडधाकट यंत्रंही बाद ठरतात. ती भंगारात काढणं ही मला सरळसरळ उधळपट्टी वाटते.

घरची बहुतेक कामं आता ब्राउझरमध्येच होतात: बँक, ईमेल, मुलांचा अभ्यास. तेवढ्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली पुरेशी आहे, तीही फुकट. पेनड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून पाहता येते. हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग नीट चालतं का ते कळतं. सवय मोडेल, हा आक्षेप खरा, पण विंडोज ११ चीही मांडणी बदललेलीच आहे. लिनक्सवर थेट न चालणाऱ्या टॅली किंवा फोटोशॉपवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. घरगुती ग्राहकांसाठी असलेली ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-अपडेट्स घेऊन त्यांनी नव्या यंत्राची तजवीज करावी. वाट कुठलीही धरा, फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढा. नवी प्रणाली बसवताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते.