होनवडजचा गोळा

मुखेड तालुक्यातील होनवडज हे नांदेड जिल्ह्यातील एक लहानसे गाव. 28 ऑगस्ट 2024 च्या सायंकाळी याच गावच्या भाग्यश्री माधवराव जाधव पॅरिसमध्ये तिरंगा हाती घेऊन भारतीय पथकाच्या अग्रभागी होत्या. पॅरालिंपिकचे ते उद्घाटन मैदानात न होता शहराच्या राजमार्गावर झाले. 84 खेळाडूंच्या पथकाचा ध्वज वाहण्याचा मान हरियाणाचे भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासोबत त्यांना मिळाला होता.

2006 साली त्यांचे आयुष्य एकाएकी पालटले. दोन्ही पायांतील बळ गेले आणि चाकाची खुर्ची सोबतीला आली. ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात, त्या तिशीनंतरच्या वयात त्यांनी गोळा हाती घेतला. टोकियोच्या स्पर्धेवेळी त्या 36 वर्षांच्या होत्या.

त्यांचा गट एफ-34. स्नायूंवर पुरेसे नियंत्रण राहत नाही अशा, परंतु हातांत बळ असलेल्या खेळाडूंचा हा गट. गोळा 3 किलोचा. दुकानात तीन किलोचे माप उचलताना कोणाला विशेष वाटत नाही. मात्र पायांचा आधार न घेता, बसल्या जागेवरून ते सात मीटर दूर फेकावयाचे म्हणजे काय, याची कल्पना माप उचलणाऱ्यालाच चांगली येईल. फेकण्याची चौकट जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधतात. खेळाडूने आसन सोडले की फेक बाद. उभ्याने फेकणाऱ्यास कंबर व पाय यांतून जो वेग मिळतो, तो येथे खांदा, पाठ आणि मनगट यांतूनच काढावा लागतो. शिवाय एका खेळाडूच्या सर्व फेकी लागोपाठ होतात. इतरांची फेक पाहून आपला विचार बदलण्यास, श्वास घेण्यास फारशी उसंत नाही.

टोकियोत, 2021 मध्ये, त्यांनी 7.00 मीटर फेक केली व सातव्या आल्या. सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या झोऊ लिजुआन यांची फेक नऊ मीटरच्या पलीकडे होती. हे अंतर दोन मीटरांहून अधिक. ते एका हंगामात भरून निघणारे नव्हते. हिशेब सेंटिमीटरांचाच होता. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत 7.54 मीटर आणि रौप्यपदक. मे 2024 मध्ये जपानमधील कोबे येथे जागतिक स्पर्धेत 7.56 मीटर, पुन्हा रौप्य. दोन स्पर्धांत अवघ्या दोन सेंटिमीटरांची भर. व्यापाऱ्याला अशी वाढ क्षुल्लक वाटणार नाही. त्या जागतिक स्पर्धेत भारताने 17 पदके मिळवली, त्यांपैकी एक मराठवाड्यातील या लेकीचे.

म्हणूनच पॅरिसकडून अपेक्षा मोठी होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या घरांत पर्युषणाची आराधना सुरू असताना, त्यांची स्पर्धा झाली. फेक 7.28 मीटर पडली. कोबेपेक्षा 28 सेंटिमीटर कमी. स्थान पाचवे. सुवर्ण पुन्हा झोऊ यांचेच.

भारताने त्या स्पर्धेत विक्रमी 29 पदके जिंकली आणि वृत्तपत्रांची पाने त्यांनी भरून गेली. ध्वज वाहणाऱ्या पाचव्या क्रमांकाला त्यांत थोडीच जागा मिळाली. टोकियोतील सातवा क्रमांक तीन वर्षांनी पाचवा झाला होता, तोही 39 व्या वर्षी.