जाळीपुरता फरक

आमच्या संपादकांच्या कानावर एवढंच आलं होतं, की मुरबे गावात एका घरामागे 'डिसोटो' उभी आहे. गाव तिला डिसोटोच म्हणतं. नोंदणीपुस्तकात मात्र 'डॉज' लिहिलंय. आणि बोईसरहून माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रींनी गाडीला एक फेरी मारून निकाल दिला, "अंगानं प्लायमाउथ आहे." गंमत म्हणजे यातलं एकही खोटं नव्हतं.

या तिन्ही नावांचं गोत्र एकच. वॉल्टर क्रायस्लरनं 1928 या एकाच वर्षात स्वस्तातली प्लायमाउथ काढली, मधल्या किमतीची डिसोटो काढली आणि डॉज कंपनी विकत घेतली. परदेशी बाजारात, जिथं खपच बेताचा, तिथं डॉजच्या विक्रेत्यालाही स्वस्त गाडी हवी आणि डिसोटोच्यालाही. मग प्लायमाउथचंच अंग घ्यायचं, तोंड बदलायचं. डॉजचं तोंड लावलं की ती किंग्सवे, डिसोटोचं लावलं की डिप्लोमॅट. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून क्रायस्लरच्या परवान्याखाली गाड्या बाहेर पडू लागल्या, त्यात ही भावंडं होती. ट्रकांचीही तीच तऱ्हा: डॉज, फार्गो आणि डिसोटो. शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत होती; पण 1953 च्या टॅरिफ कमिशननंतर नुसत्या जोडणीवर भागेना, सुटे भाग इथंच बनवण्याची तयारी हवी होती. 1954 मध्ये तिनं गाशा गुंडाळला. कुर्ला टिकलं.

इतिहास एवढा पुरे. मला गुंतवून ठेवलं ते मिस्त्रींच्या बोटांनी.

काचेपासून मागं ते बघतच नव्हते. दारं, छत, काचा, खालचा पत्रा, साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरचं इंजिन, सगळं सामाईक. छतही सगळ्यांचं तसंच उंच. क्रायस्लरचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह होता, की डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे. अमेरिकेत त्या उंचीची पुढं चेष्टा झाली. आपल्याकडच्या फेटेवाल्यांनी तिला नावं ठेवली असतील असं वाटत नाही.

ओळख राहते ती तोंडावर. बॉनेटच्या टोकाला मेंढा असेल तर डॉज, शिडाचं जहाज असेल तर प्लायमाउथ, स्पॅनिश दर्यावर्दी असेल तर डिसोटो. या गाडीचा तो मानकरी केव्हाच चोरीला गेलाय. उरली जाळी. डिसोटोच्या जाळीला क्रोमचे उभे जाड दात असतात. बाहुलीसारखी ठेवणीतली गाडी एकदम गुरगुरल्यासारखी दिसते. मिस्त्रींनी गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडलं आणि चहा मागवला. "घाई केली की स्टड तुटतो," म्हणाले. चहानंतर पाना लावला, पाव फेरा उलटा, पुन्हा सुलटा, पुन्हा डिझेल. तेवढ्यात बॉनेट उचलून आतून बॅटरी मारली. पत्र्यावर पितळेनं भरलेली भोकं ओळीनं दिसली.

"हे बघा, पहिलं नाव इथं होतं."

मालक म्हणाले, आजोबांनी गाडी मुंबईत जुनी घेतली. पुढं ट्रकवर आदळून नाक चेचलं, तेव्हा कुर्ल्याच्या भंगारबाजारात जी जाळी मिळाली ती बसवली. बसली, हे महत्त्वाचं. सातपाटी बांधणीच्या होड्या बंदरात ओळीनं लागल्या की नाळेवरचं नाव आणि रंग पाहूनच कुणाची कुठली ते सांगता येतं. इथं तर एकीचं नाक दुसरीला चालत होतं. अशा अदलाबदलीवरच या गाड्या जगल्या. कारण डिसोटो हे नाव अमेरिकेत 1960 मध्येच बंद झालं.

आता मालकांना ती रस्त्यावर आणायचीय, आणि इथून पुढचं सगळं अवघड आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणून नोंदणी मिळते. नव्यानं नोंदणी केली तर वीस हजार रुपये फी आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं; शिवाय रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आता या गाडीचं मूळ रूप कुठलं? कागद डॉज म्हणतात, तोंड डिसोटोचं, आणि अंगाचा आराखडा तिसऱ्याच नावाचा. जाळी म्हणजे काही बॉडी नव्हे, त्यामुळे ती आड येऊ नये असं मला वाटतं. मिस्त्रींना तेवढा भरवसा नाही. तपासणाऱ्यानं पुस्तक एका हातात धरून समोर पाहिलं की तो आधी दातच मोजणार, असं त्यांचं म्हणणं. किंग्सवेची जाळी शोधायला ते तयार आहेत. मालक तयार नाहीत. दात काढले तर गावात गाडी ओळखणार कोण?

दात ठेवायचे तरी सोपं नाही. तारापूर एमआयडीसी शेजारी असूनही जुन्या सुट्या दातांवर नव्यानं क्रोम चढवण्याचं चिल्लर काम कुणी अंगावर घेईना. आणि खाऱ्या वाऱ्यानं खरा घास घेतलाय तो खाली. दाराखालच्या पट्टीवर मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. तिथं जोड द्यायचा तर पुन्हा 'मोठा फेरफार' म्हणजे किती, हा प्रश्न. मालक अजून जाळीवरच बोलत होते. मिस्त्रींनी चार दात आणि सुटे झालेले बोल्ट फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिले.

"तोंडाचं मागनं बघू, शेठ. आधी वेल्डर बोलवा."