मुद्राराक्षसाचं नाशिक

छापखान्यातल्या चुका कोणाच्या माथी मारायच्या, हे मराठी संपादकांनी फार पूर्वी ठरवून टाकलंय. ‘भाषणा’चं ‘भीषण’ झालं की दोष मुद्राराक्षसाचा! हा मूळचा विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकातला. तिथे मुद्रा म्हणजे अंगठी आणि राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य. मुद्रा म्हणजे नाणंही, आणि तो अर्थ धरला तर या राक्षसाचं बिऱ्हाड नाशिकलाच असणार. इथल्या मातीत चुकलेल्या अक्षरांची नाणी निघाली आणि इथल्याच प्रेसमधून हात उलटा झालेला बोधिसत्त्व देशभर गेला.

नाण्यांची गोष्ट जोगलटेंभीची. नाशिकजवळच्या या गावात 1906 साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी 13,000हून जास्त. हा नहपान नाशिककरांना तसा परका नाही. पांडवलेण्यांतला उषवदाताचा लेख त्याच्या जावयाचा. नाण्याच्या पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि त्याच्याभोवती गोलाकार ग्रीक अक्षरं. गंमत अशी की लिपी ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. राजाचं नाव आणि क्षहरात हे त्याचं कुळ, तेही प्राकृतात, फक्त ग्रीक अक्षरांत बसवलेलं. मागच्या बाजूला तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत.

ब्राह्मी अक्षरं लावता येतात. ग्रीक बाजूला मात्र अनेक नाण्यांवर घोळ आहे. कुठे अक्षर गळालंय, कुठे त्याचं नुसतं वेटोळं उरलंय. इंग्रजीत लिहिणारे नाणेतज्ज्ञ अशा मजकुराला ‘ब्लंडर्ड लेजंड’ म्हणतात. मला हा शेरा जरा कडक वाटतो. साचा कोरणाऱ्या कारागिराला ग्रीक वाचता येत नसावं. समोरच्या नमुन्यात दिसली तशी नक्षी त्याने उतरवली. शिवाय साच्यात अक्षरं उलटी कोरावी लागतात. जी लिपी सुलटी कळत नाही, ती उलटी कशी साधणार? पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही अक्षरं पार निरर्थक झाली, तरी शोभेपुरती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोणी हटकलंच नाही!

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं राज्य बुडवलं आणि ही नाणी वितळवत बसण्याऐवजी त्यांच्यावरच आपला शिक्का ठोकला. साठ्यातली 9,000हून जास्त नाणी अशी दुहेरी ठशाची आहेत. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. डोंगराच्या कडेने कधी नहपानाचं नाक डोकावतं, कधी दोन-तीन ग्रीक अक्षरं. हे मुद्दाम केलेलं काम, त्याला चूक म्हणता येणार नाही. पण घिसाडघाई दिसतेच.

नाण्यांवरून आता तिकिटांकडे. तिकीट संग्राहकांनी चुकांची वर्गवारी शिस्तीत केली आहे. छपाईच्या प्रक्रियेतच काही मोठं चुकलं, रंग राहिला किंवा चित्र उलटं बसलं, तर ‘एरर’. एखाद्याच तिकिटावर शाई फासली गेली किंवा कागद दुमडला तर ‘फ्रीक’. उरलेलं विचित्र सगळं ‘ऑडिटी’. भारतातली सर्वांत नावाजलेली एरर नाशिकच्या आधीची आहे. 1854 मध्ये कलकत्त्याला छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटाचा कागद लाल चौकटीसाठी एकदा आणि निळ्या मुखड्यासाठी एकदा, असा दोनदा यंत्राखालून जायचा. काही कागद दुसऱ्या वेळी फिरवून घातले गेले आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. त्यातली मोजकीच तिकिटं आज उरली आहेत, त्यामुळे लिलावात त्यांना अफाट भाव येतो.

नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925चा. त्याआधी अनेक दशकं आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. 15 ऑगस्ट 1949 रोजी स्वतंत्र भारताची पुरातत्त्व मालिका निघाली. सोळा तिकिटं, त्यांत अजिंठ्याचा हत्ती आणि घारापुरीची त्रिमूर्तीही होती. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व होता, आणि मूर्तीचा पसरलेला उजवा हात तिकिटावर डावा झाला. अख्खं चित्रच आरशात पाहावं तसं उलटं. छपाईत प्रतिमा टप्प्याटप्प्याने उलटसुलट होत जाते. मध्ये एक पलटी कमीजास्त झाली की मूर्ती बिनबोभाट डावखुरी होते. अक्षरं उलटी झाली असती तर कोणीही ओरडलं असतं. 1950 मध्ये सुधारलेलं तिकीट आलं. ही चूक फार महाग नाही, कारण ती रोजच्या पत्रांवर सर्रास लागली. शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन तिकिटं मात्र बघण्यासारखी आहेत.

नोटांच्या बाबतीत चूक बाहेर पडू न देण्याचाच आटापिटा असतो. नाशिकरोडला नोटांची छपाई 1928 पासून चालते. शंभरांच्या बंडलात एखादी नोट बिघडलेली निघाली तर पूर्वी त्याच क्रमांकाची दुसरी छापून घालावी लागे. 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांसाठी सोपी वाट काढली: बदली नोटेच्या क्रमांकात एक तारा. बिघडलेली नोट नष्ट होते, ताऱ्याची तिची जागा घेते. चुकीची नोट सहजी हाती लागत नाही, म्हणून हौशी मंडळी ही बदलीची नोटच जपून ठेवतात. 2023 मध्ये उलटीच आवई उठली की तारा असलेली नोट खोटी. शेवटी त्या जुलैत रिझर्व्ह बँकेला खुलासा काढावा लागला, की ताऱ्याची नोट इतर कोणत्याही नोटेसारखीच चालते.